ट्यूबलाइट जाणार : चर्चमधल्या बाकांवर आता कोणता उजेड हवा?

चार फुटी ट्यूबलाइटचे दिवस भरत आले आहेत. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराच्या देशांची परिषद २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला भरली होती. ज्यांत पारा असतो त्या सरळ नळीच्या फ्लुरोसंट दिव्यांचं, म्हणजे ट्यूबलाइटचं, उत्पादन, आयात आणि निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायची, असं तिथे ठरलं. भारत २०१८ पासून या कराराचा सदस्य आहे. म्हणजे लागलेली ट्यूब काढून टाकायची सक्ती नाही, पण ती गेली की तशीच दुसरी मिळणं कठीण होत जाणार.

घरात हा बदल कधीच झाला. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडी बल्ब खेड्यापाड्यांत पोचवला. चर्चमध्ये मात्र अजून कितीतरी ठिकाणी कौलाखालच्या तुळयांना लोंबणाऱ्या ट्यूबच्या पट्ट्या दिसतात, नाहीतर उंचावर घमेल्याएवढाले मर्क्युरी किंवा मेटल हॅलाइडचे दिवे. ते बदलायचा विषय चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या किंवा पॅरिशच्या बैठकीत निघतो आणि दोन-तीन कोटेशनं येतात. एकात अमुक वॅटचे चाळीस दिवे, दुसऱ्यात तमुक वॅटचे साठ. मग सगळ्यांत स्वस्त कोणतं, यावर चर्चा होऊन निर्णय लागतो.

त्या कोटेशनात एक गोष्ट बहुधा नसते : शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला काय दिसणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की दिव्यांची निवड तिथून सुरू करायला हवी. वॅट, ब्रँड आणि किंमत त्यानंतर.

आधी कोणत्या दिव्यांबद्दल बोलतोय ते

चर्चमधल्या दिव्यांचे ढोबळ दोन गट पडतात. वेदी, पुलपिट (प्रवचनाचा उंच चौथरा), बायबल वाचनाचं स्टँड, गायकमंडळ यांच्यावर रोखलेले दिवे हा एक. मंडळी जिथे बसते त्या बाकांवरचे, मधल्या वाटेवरचे आणि बाजूच्या ओळींवरचे दिवे हा दुसरा. पहिल्या गटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. देणगीही त्यासाठी पटकन मिळते, कारण ते दिवे ‘दिसतात’. दुसरा गट म्हणजे नुसती सोय असा समज आहे. प्रत्यक्षात उपासनेचा बहुतेक वेळ माणसं या दुसऱ्या गटाखाली बसलेली असतात. गीत उघडतात, बायबल चाळतात, शेजारच्याला शांतीचं अभिवादन करतात, प्रभुभोजनासाठी रांगेने पुढे जातात. हा लेख त्या दुसऱ्या गटाबद्दल आहे.

लुमेन, लक्स आणि पुस्तक

दोन शब्द समजले की कोटेशन वाचता येतं. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेनमध्ये मोजतात. तो उजेड एखाद्या जागेवर किती पडतो ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. ढगातून किती पाणी सुटलं ते लुमेन समजा आणि तुमच्या अंगणात किती मिलिमीटर पाऊस पडला ते लक्स. शेतकऱ्याला दुसऱ्या आकड्याशी कर्तव्य असतं, तसंच पुस्तक वाचणाऱ्यालाही.

वॅट हा उजेडाचा आकडा नाहीच, तो विजेचा आहे. जुनी साधी ३६ वॅटची ट्यूब सुमारे २,४५० लुमेन द्यायची. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब साधारण २,००० देते. म्हणून ‘किती वॅटचा?’ या प्रश्नाऐवजी दुकानदाराला ‘किती लुमेनचा?’ असं विचारायचं.

आता पुस्तकाकडे येऊ. छापलेलं गीत किंवा बायबल सहज वाचायला बाकावर १५० ते २०० लक्स लागतात. अंदाजासाठी सांगायचं, तर एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर सुमारे एक लक्स देते आणि भर दुपारच्या उन्हात आकडा एक लाखाच्या आसपास जातो.

यात वयाचा मुद्दा फार मोठा आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एकतृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर पडतं. आपल्या चर्चमध्ये रविवारी सकाळी कोण बसतं ते आठवून पाहा. तरुण कार्यकर्ता बाकाजवळ उभा राहून ‘भरपूर उजेड आहे की’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या डोळ्यांनी मोजत असतो. त्याच बाकावरच्या आजी मात्र पुस्तक तिरकं करून खिडकीच्या बाजूला धरतात, ओळ हुकली की ओठ तसेच हलते ठेवतात आणि पुढच्या ध्रुपदाला सगळ्यांना गाठतात. पुस्तक खिडकीकडे वळलेलं दिसलं, की त्या बाकावर लक्स कमी आहेत हे मीटर न लावता कळतं.

मीटर लावला तर उत्तमच. लक्समीटर वायरमनकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळू शकतो. मोबाइलमधलं ॲप ढोबळ अंदाजापुरतं चालेल. मोजायचं रात्री आणि बाकावर बसल्यावर पुस्तक जिथे येतं तिथे, जमिनीपासून पाऊण मीटरवर. पुढचा, मधला, मागचा आणि खांबाआडचा असे सगळे बाक घ्यायचे. खांबाआडचा बाक विसरू नका, बऱ्याचदा सगळ्यांत वाईट आकडा तिथेच निघतो.

थोडं गणित, कोटेशन तपासण्यापुरतं

समजा, चर्चची बसण्याची जागा २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. म्हणजे २८८ चौरस मीटर. तिथे १५० लक्स हवेत, तर बाकांवर ४३,२०० लुमेन पडायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड बाकांवर पोचत नाही. काही भिंती आणि छत पितात, काही काचेवरची धूळ अडवते, काही दिव्याच्या वयाबरोबर कमी होतो. उंच, गडद लाकडी छत असेल तर ४० टक्केच पोचतो असं धरलेलं बरं. मग दिव्यांनी मिळून सुमारे १,०८,००० लुमेन द्यायला हवेत. चांगली एलईडी फिटिंग एका वॅटला ११० लुमेन देते असं धरलं, तर सगळे मिळून हजार वॅटच्या आत काम होतं.

एखाद्या कोटेशनात याच जागेसाठी ४०० वॅट लिहिले असतील तर अंधार होणार, आणि ३,००० वॅट असतील तर एकतर डोळे दिपणार किंवा पैसे वाया जाणार. हे गणित तज्ज्ञाची जागा घेत नाही, पण तज्ज्ञाला काय विचारायचं ते नक्की सांगतं. चांगला पुरवठादार संगणकावर तुमच्या चर्चचा आराखडा घालून प्रत्येक बाकावर किती लक्स पडतील याचा नकाशा देतो. तो मागा. देत नसेल तर दुसरा शोधा.

ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब लावली की झालं ना?

हा सगळ्यांत सोपा मार्ग, आणि लहान, बुटक्या छताच्या प्रार्थनागृहात तो चालूनही जातो. उंच चर्चमध्ये मात्र एक गोष्ट घडते, जी कामानंतरच लक्षात येते. जुनी ट्यूब चारी बाजूंना उजेड टाकायची. त्यातला बराच वर जायचा आणि छत उजळायचं. एलईडी ट्यूबचा उजेड मुख्यतः खालच्या बाजूला पडतो. बाकांवरचे लक्स तेवढेच राहतात, कधी वाढतातही, पण वरच्या तुळया आणि कमानी काळोखात जातात. मग लोक म्हणतात, ‘नवे दिवे लावले, तरी चर्च अंधारं का वाटतं?’

कारण डोळा लक्स मोजत नाही. समोर दिसणाऱ्या भिंती आणि छत किती उजळ आहेत यावरून तो जागेचा उजेड ठरवतो. म्हणून थोडे दिवे मुद्दाम वर रोखायचे, भिंतीच्या वरच्या कडेला किंवा खांबांच्या माथ्यावर लपवून. त्यांची वीज अगदी किरकोळ असते. छत उजळलं की बाकांवरचा तोच उजेड पुरेसा वाटायला लागतो आणि माणसांच्या चेहऱ्यांवरच्या गडद सावल्याही मऊ होतात. नुसते वरून खाली रोखलेले झोत असले, की डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळं पडतं. प्रत्येक जण थकलेला दिसतो.

उंचीबरोबर झोताचा कोन पाहायचा. बाकांपासून ८ मीटर वर लावलेला ६० अंशांचा दिवा खाली सुमारे ९ मीटर रुंदीचं वर्तुळ उजळतो. तोच दिवा २४ अंशांचा असेल तर वर्तुळ साडेतीन मीटरच्या आत येतं. अरुंद कोनाचे दिवे लांब-लांब लावले की एक बाक लख्ख आणि पुढचा काळवंडलेला, असे पट्टे पडतात.

आणि चकाकी! बाकावर बसून वेदीकडे नजर टाकली की मध्ये उघडा एलईडी ठिपका डोळ्यांत घुसतो, तेव्हा बाहुली आक्रसते आणि उलट कमी दिसायला लागतं. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना याचा फार त्रास होतो. दिवा आत खोल बसवलेला असावा, त्याला दुधी काच किंवा जाळी असावी, आणि शक्यतो तो बसणाऱ्याच्या थोडा मागून पुढे रोखलेला असावा. एक नमुना दिवा लावून घ्या आणि मागच्या बाकावर पंधरा मिनिटं बसा. वेदीकडे पाहताना भुवया आकसत असतील तर तो दिवा परत द्या, कागदावरचे आकडे कितीही चांगले असोत.

पिवळा की पांढरा?

आपल्याकडे ‘पांढरा’ म्हणून विकला जाणारा दिवा बहुधा ६,५०० केल्विनचा असतो. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप. मेणबत्ती १,९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २,७००, ‘वॉर्म व्हाइट’ ३,०००, आणि मधली छटा ४,०००. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होत जातो.

निळसर उजेड जास्त लख्ख वाटतो, म्हणून दुकानात तोच खपतो. चर्चसाठी मला तो पटत नाही. लाकूड, दगड आणि चुन्याची भिंत त्यात फिकी पडते, माणसांचे चेहरे आजारी दिसतात, आणि वेदीवरच्या मेणबत्तीची ज्योत केविलवाणी वाटते. ३,००० केल्विन घ्या. चर्च फार आधुनिक, पांढऱ्या रंगाचं असेल तर ४,०००. त्यापुढे नको. आणि सगळीकडे एकच छटा ठेवा. बाकांवर एक आणि वेदीवर दुसरी असली, की ऑनलाइन प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यात अर्धी माणसं निळी आणि अर्धी नारिंगी दिसतात.

छटेइतकंच महत्त्वाचं दुसरं माप आहे, सीआरआय. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे शंभरपैकी गुण. स्वस्त दिव्याला ७० ते ८० मिळतात, चांगल्याला ९० किंवा अधिक. चर्चला याची गरज शाळेच्या वर्गापेक्षाही जास्त आहे, कारण आपलं उपासनेचं वर्ष रंगांतून चालतं. आगमनकाळात (नाताळआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) जांभळा, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) आणि हुतात्म्यांच्या सणांना लाल, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, इतर वेळी हिरवा. कमी सीआरआयच्या एलईडीमध्ये गडद लाल जवळपास नसतोच. त्याखाली धर्मगुरूंचा लाल झगा विटकरी दिसतो आणि जांभळ्याचा मळकट करडा होतो. वसईतल्या आजीचं लाल लुगडंही उडालेलं वाटतं. ९० सीआरआयला दिव्यामागे थोडे पैसे जास्त पडतात, ते द्यावेत असं माझं ठाम मत आहे. कोटेशनात लाल रंगाचे गुणही मागता येतात, त्याला आर-९ म्हणतात. तो ५० च्या वर असला तर उत्तम.

डिमर : फसगत इथे होते

बाकांवरचा उजेड कमी-जास्त करता यावा, ही चैन नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री होणाऱ्या पुनरुत्थानाच्या जागरणविधीचंच पाहा. चर्च पूर्ण काळोखात असतं. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून पास्काची मेणबत्ती आत येते, तिच्यावरून हातातल्या मेणबत्त्या एकामागून एक पेटत जातात, आणि मग ठरलेल्या क्षणी चर्चचे दिवे लागतात. तो क्षण बटणांच्या खटखटाटात, एकेक ओळ अडखळत पेटत आली की निसटतो. आणि मेटल हॅलाइडचे दिवे असतील तर आणखी वाईट. पूर्ण उजळायला त्यांना काही मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा वीज गेली तर थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं. गुड फ्रायडेची उपासना, प्रभुभोजनाच्या वेळची शांतता, अंत्यविधी, लग्न, रविवारच्या शाळेचा कार्यक्रम, यांपैकी प्रत्येकाला उजेड वेगळा लागतो.

एलईडीत दिव्याच्या आत किंवा शेजारी ड्रायव्हर नावाचा छोटा डबा असतो. तो मुख्य विजेचं एलईडीला हव्या त्या विजेत रूपांतर करतो. डिमिंग चालेल की नाही हे त्याच्यावर ठरतं. डब्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. भिंतीवरचा जुना पंख्यासारखा फिरवायचा डिमर आणि नवा ड्रायव्हर यांचं जमत नसेल तर दिवे लुकलुकतात, किंवा उजेड २० टक्क्यांवर आला की फटकन विझतात.

इथे डोळ्याची एक गंमत आहे. उजेड मोजून २५ टक्क्यांवर आणला, तरी डोळ्याला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. १० टक्क्यांवर आणला तरी अजून एकतृतीयांश उरल्यासारखा. म्हणजे ‘१० टक्क्यांपर्यंत डिम होतो’ असं लिहिलेला दिवा मेणबत्तीच्या उपासनेसाठी निकामी आहे. एक टक्क्यापर्यंत, आणि झटका न देता शून्यावर जाणारा दिवा हवा.

नव्या कामात बहुधा डाली नावाची दिवे नियंत्रित करायची पद्धत सुचवली जाते. दोन पातळ तारांच्या एका जोडीवर ६४ पर्यंत दिवे बसतात आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असतो. मग कोणते दिवे एकत्र चालतील, हे भिंत न फोडता केव्हाही बदलता येतं. नाटकाच्या दिव्यांसाठीची डीएमएक्स पद्धतही चालते, पण ती बाकांच्या दिव्यांना गरजेपेक्षा जड होते. नव्या तारा ओढणं शक्यच नसेल तर बिनतारी नियंत्रण आहे. पद्धत कोणतीही घ्या, शेवटी भिंतीवर पाच-सहा बटणं हवीत आणि त्यांवर मराठीत लिहिलेलं हवं : उपासना, प्रवचन, प्रभुभोजन, सफाई, सगळे बंद. नुसतं मोबाइल ॲपवर चालणारं चर्च नको. तो मोबाइल ज्याच्याकडे आहे तो भाऊ नेमका नाताळच्या रात्री गावाला गेलेला असतो.

वाटेवरचे आणि पायऱ्यांवरचे थोडे दिवे मात्र कधीच शून्यावर जाऊ देऊ नका. काठी टेकत येणारी माणसं असतात. वीज गेल्यावर निदान दारं आणि मधली वाट दिसेल एवढे दिवे इन्व्हर्टरवर असावेत.

डोळ्याला न दिसणारी लुकलुकही तपासा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा फेर घेते, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. काहींचं डोकं दुखतं, आणि कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. नमुना दिव्याचा मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा, पूर्ण उजेडावर एकदा आणि डिम करून एकदा. पट्टे दिसले तर तो दिवा घेऊ नका.

‘एलईडी तर वर्षभरात जातात’

तक्रार खरी आहे, पण दोष चुकीच्या जागी दिला जातो. खोक्यावर ‘५०,००० तास’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. चर्च आठवड्याला १५ तास दिवे लावत असेल तर वर्षाचे ७८० तास होतात, म्हणजे ते ५०,००० तास साठ वर्षांहून जास्त पुरतील. एलईडी झिजून जात नाही. जातो तो ड्रायव्हर, आणि त्याला मारतात उष्णता, विजेचा धक्का आणि दमट खारी हवा.

ग्रामीण फीडरवर २३० ऐवजी २७० व्होल्ट येणं नवं नाही. वळवाच्या विजा आहेतच. म्हणून ड्रायव्हर जास्त व्होल्टेज सोसणारा असावा आणि मुख्य बोर्डात विजेचा अचानक येणारा धक्का अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा. चांगलं अर्थिंग नसेल तर तो प्रोटेक्टर शोभेचा ठरतो, म्हणून अर्थिंग आधी तपासून घ्या. चाळीस ड्रायव्हर एकाच स्विचवर लावले तर चालू करताना क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो आणि एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप तुटणारा सुरक्षा-स्विच, पडतो. दिवे वेगवेगळ्या सर्किटवर वाटायचे आणि असा क्षणभराचा प्रवाह सोसणारे सी-कर्व्ह एमसीबी घ्यायचे. वसई, अलिबाग, गोवा अशा किनाऱ्यावर गंजणारी पत्र्याची फिटिंग नको. आणि ड्रायव्हर दिव्यापासून सुटा होणारा, शक्यतो हात पोचेल अशा जागी असावा. नऊ मीटरवरच्या एका दिव्यासाठी परांची बांधावी लागली, तर दिव्याच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त होते.

‘बिल किती वाचेल?’

विक्रेत्याचा हा पहिला मुद्दा असतो आणि तो मला अपुरा वाटतो. ४० ट्यूब, तांब्याच्या चोकसकट प्रत्येकी ४८ वॅट, वर्षाला ७८० तास : सुमारे १,५०० युनिट. २० वॅटच्या एलईडीवर तेच ६२४. वाचले ८७० च्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ८,७०० रुपये. कारखान्यात दिवे रात्रंदिवस जळतात, तिथे खर्च लवकर भरून निघतो. आठवड्यात थोडेच तास उघडणाऱ्या चर्चमध्ये तो भरून यायला अनेक वर्षं लागतील. कमिटीने हे मंडळीला स्पष्ट सांगावं. बिलासाठी म्हणून देणगी मागितली आणि बिल फारसं घटलं नाही, की पुढच्या कामावरचा विश्वास जातो. दिवे बदलायचे ते वाचता यावं, चेहरे दिसावेत, परांची वारंवार बांधावी लागू नये आणि पारा डोक्यावर टांगलेला नसावा म्हणून.

‘चर्चचं नाट्यगृह करायचं आहे का?’

ही शंका ज्येष्ठांकडून येते आणि ती आदराने ऐकण्यासारखी आहे. रंगीत झोत, धूर, अंधारात बुडालेली मंडळी आणि उजळलेला मंच, असं चित्र त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. पण बाकांवरचा उजेड नीट केला तर परिणाम नेमका उलट होतो. नाट्यगृहात प्रेक्षकांना काळोखात ठेवतात, कारण त्यांनी नुसतं पाहायचं असतं. आपल्याकडे मंडळी गाते, उत्तरं देते, उठते, गुडघे टेकते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन एका सुरात गायचं तर पुस्तक दिसायला हवं आणि समोरच्या रांगेतला चेहराही. म्हणून प्रवचनाच्या वेळी बाकांवरचा उजेड फार उतरवू नये, असं मी आग्रहाने सांगेन. वेदी आणि पुलपिट बाकांच्या दोन-तीन पट उजळ असले की नजर आपोआप तिकडे जाते.

जुन्या वास्तूंमध्ये

मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८चं, कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८चं. वीज येण्याआधी उभ्या राहिलेल्या या वास्तू खिडक्यांतून येणाऱ्या उजेडासाठी आखलेल्या आहेत. अशा ठिकाणी दगडात भोक पाडण्याआधी वारसा समितीची परवानगी लागते, आणि जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकासारख्या संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याची. झुंबरं असतील तर ती काढू नयेत. आतलं वायरिंग नवं करून, ज्योतीच्या आकाराचे उबदार डिमेबल एलईडी घालता येतात. वाचण्याचा मुख्य उजेड मात्र वेगळ्या, लपवलेल्या दिव्यांकडून घ्यावा. झुंबराने दोन्ही कामं करावीत असा हट्ट धरला, की ते डोळ्यांत खुपायला लागतं.

‘हाच पैसा गरिबांसाठी का नको?’

प्रत्येक कमिटीत कुणीतरी हे विचारतं, आणि विचारायलाच हवं. माझं उत्तर असं, की हा प्रश्न शोभेच्या दिव्यांना लावा. वेदीमागचा रंग बदलणारा पट्टा किंवा दर्शनी भागावरची रोषणाई थांबू शकते. बाकांवरचा उजेड मात्र चर्चमधल्या सगळ्यांत कमकुवत माणसांसाठी असतो : ज्यांची नजर अधू आहे, ज्यांना ओठांकडे पाहून शब्द कळतात, ज्यांचा पाय पायरीवर अडखळतो. पैसे कमी असतील तर काम टप्प्यांत करा. आधी वायरिंग, अर्थिंग आणि मागचे बाक. मग पुढचे बाक आणि छताकडचे दिवे. बटणांची व्यवस्था शेवटी, फक्त तिच्या तारा पहिल्याच टप्प्यात ओढून ठेवायच्या, म्हणजे परांची दुसऱ्यांदा लागणार नाही.

काम कधी आणि कसं

छप्पर गळत असेल तर आधी ते. पावसाळा सरल्यावर आणि आगमनकाळ लागण्यापूर्वी मधले आठवडे मिळतात, ते या कामाला बरे. परांची बांधलीच आहे तर पंखे, स्पीकरच्या तारा आणि कौलाखालचं लाकूड त्याच वेळी पाहून घ्यावं.

उतरवलेल्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. त्या मूळ खोक्यांत किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यायच्या. पाऱ्याचे दिवे २०२२च्या ई-कचरा नियमांत येतात, त्यामुळे हे काम ठेकेदाराच्या करारात लिहूनच घ्यावं. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबायचं, आणि तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने गोळा करायचे.

बिल चुकतं करण्याआधी ठेकेदाराकडून कोणता दिवा कोणत्या सर्किटवर आहे याचा नकाशा, ड्रायव्हरचे मॉडेल क्रमांक आणि दहा टक्के सुटे ड्रायव्हर घ्या. नकाशाची एक प्रत बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा, दुसरी चर्चच्या दप्तरात ठेवा. आणि रात्री, सगळे दिवे लावून, ज्या बाकांवर आधी मोजलं होतं त्याच बाकांवर पुन्हा लक्स मोजून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. खांबाआडच्या बाकावर १५० भरत नसतील, तर ठेकेदाराची परांची अजून उभी आहे तोवरच तिथला दिवा फिरवून घ्या.